ताम्हणाला फुले का येत नाहीत? : बागेविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरासाठी उन्हाळ्यात फुलणाऱ्या शोभेच्या झाडांविषयी प्रश्न मागवले होते. गुलमोहर, बहावा आणि नीलमोहर यांच्याविषयी विचारणा होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात बहुतेक पत्रे ताम्हणाविषयीच आली. याचा मनापासून आनंद वाटतो, कारण महाराष्ट्राचे राज्यपुष्प म्हणून मान मिळालेले हे झाड सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या ओढ्यांच्या काठचे, म्हणजे आपल्याच मुलखातले आहे, आणि तरीही घराच्या अंगणात ते हौसेने लावणारी माणसे अलीकडेपर्यंत थोडीच होती. आलेल्या पत्रांपैकी इतरांनाही उपयोगी पडतील असे काही प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण तीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी लिहिली आहे.

प्रश्न : कोल्हापुरातल्या नागाळा पार्कातील आमच्या बंगल्यासमोर पाच वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून आणलेले ताम्हण लावले. आज ते पंधरा फुटांच्या वर गेले आहे आणि पानांनी गच्च भरलेले असते, परंतु आजवर त्याला एकही फूल आलेले नाही. झाडाभोवती लॉन आहे. त्याला रोज पाणी देतो आणि दोन महिन्यांतून एकदा युरिया टाकतो. दरवर्षी गुढीपाडव्याच्या आधी माळी घराभोवतीची सगळी झाडे कापून गोल आकारात आणतो. रोपच खराब निघाले, ते काढून दुसरे लावा, असे शेजारी सांगतात. काय करावे?

उत्तर : झाड काढू नका. त्याच्यात काही दोष असावा असे आपल्या पत्रावरून वाटत नाही. उलट, फुले न येण्याची कारणे आपण स्वतःच पत्रात एकामागून एक लिहिली आहेत.

पहिले आणि सर्वांत मोठे कारण पाडव्याआधीची कापणी हे आहे. ताम्हण पौष-माघात पाने गाळते, फाल्गुनात त्याला नवी पालवी फुटते आणि त्या नव्या फुटव्यांच्या अगदी शेंड्यावर कळ्यांचे उभे तुरे धरतात. यंदाचे फूल यंदाच्या कोवळ्या फुटव्यावर, आणि तेही टोकालाच येते; खोडावर किंवा जुन्या लाकडावर ते कधी येत नाही. पाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पूर्वार्धात येतो, आणि नेमक्या याच दिवसांत ज्या टोकांवर तुरे यायचे असतात ती टोके माळी कात्रीने काढून टाकतो. झाड पुन्हा फुटते, परंतु तोवर हंगामाचा जोर ओसरलेला असतो आणि हाती फक्त पाने उरतात. गोल आकार मेंदीच्या किंवा डुरांटाच्या कुंपणाला शोभतो. ताम्हणाचे सौंदर्य वर निमुळत्या होत जाणाऱ्या तुऱ्यांत आहे, त्याला चेंडूसारखे कातरण्यात ते सगळेच जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

येत्या मार्चच्या अखेरीस कात्री बाजूला ठेवून एखादी फांदी हलकेच खाली वाकवा आणि शेंडा जवळून पाहा. कोवळ्या पानांच्या मधून वर आलेल्या दांड्यावर तांबूस, बारीक लवेच्या गोल कळ्या दिसतील. कळी मोठी होते तशा तिच्या बाहेरच्या हिरवट वाटीवर उभे कंगोरे उमटतात. बोट फिरवले तर ते हाताला लागतात. वाटी उघडली की आत घडी घालून बसवलेल्या पाकळ्या चुरगळलेल्या अवस्थेतच बाहेर येतात, आणि पूर्ण उमलल्यावरही कडांवरच्या त्या सुरकुत्या तशाच राहतात. पाकळ्या बहुधा सहा असतात आणि मध्ये पिवळ्या टोकांच्या पुंकेसरांचा झुबका असतो. तुरा खालून वर उमलत जातो. खालची फुले दोन-तीन दिवसांत फिकी पडलेली असतात तेव्हा वरची नुकतीच उघडत असतात, त्यामुळे एकाच तुऱ्यात गडद जांभळ्यापासून फिकट गुलाबीपर्यंतच्या छटा एकाच वेळी दिसतात. पाडव्याआधीच्या एका फटक्यात आपण काय गमावतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की माळ्याला थांबवणे सोपे जाईल.

दुसरे कारण युरिया. तो आपण लॉनला टाकता, परंतु झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे त्याच लॉनखाली वरच्या फूटभर मातीत पसरलेली असतात, आणि नत्राचा मोठा वाटा तीच उचलतात. सतत नत्र मिळणारे झाड पाने आणि लांब, लुसलुशीत फांद्या वाढवत राहते. फुलांकडे वळण्याची त्याला निकड राहत नाही. खोडाभोवती निदान चार फूट त्रिज्येचे आळे करून तेवढी हिरवळ काढून टाका. जानेवारीच्या शेवटी या आळ्यात दोन-तीन पाट्या चांगले कुजलेले शेणखत, किलोभर निंबोळी पेंड आणि २०० ते २५० ग्रॅम दहा-सव्वीस-सव्वीस मिसळा. आपल्या जिल्ह्यात उसामुळे हे खत कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. त्यातील नत्र कमी आणि स्फुरद व पालाश जास्त असल्याने फुलांच्या झाडाला ते मानवते. खत खोडाला चिकटून नको, आळ्याच्या बाहेरच्या कडेला मातीत मिसळून द्यावे. या झाडाच्या परिसरातील लॉनचा युरिया मात्र पूर्ण बंद करावा लागेल, आणि तेथील हिरवळ थोडी फिकी दिसेल, ते स्वीकारावे.

तिसरे कारण पाण्याचे आहे. डाळिंबाचा बहार धरताना झाडाला ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी तोडतात, हे शेतकरी वाचकांना सांगायला नको. ताम्हण हे डाळिंबाच्या आणि मेंदीच्याच कुळातले झाड आहे. त्याला डाळिंबाइतका कडक ताण देण्याची गरज नाही, परंतु पानगळीच्या काळात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत, ते स्वभावतःच विश्रांती घेते आणि त्या विश्रांतीत रोजचे पाणी ओतून व्यत्यय आणू नये. फेब्रुवारीत डोळे फुगू लागले की पाणी पुन्हा सुरू करावे आणि मग मे अखेरपर्यंत तोडू नये, कारण हे झाड मूळचे ओलाव्यातले आहे; कळ्या धरल्यावर जमीन कोरडी पडली तर त्या गळतात. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा आळे भरून द्यावे, म्हणजे ते फूट-दीड फूट खोल उतरेल. नागाळा पार्काच्या काही भागांत काळी, चिकण माती आहे. तेथे वरची माती दोन बोटे खोल कोरडी झाल्याशिवाय पुढचे पाणी देऊ नये.

ऊन किती मिळते हे आपण लिहिलेले नाही. दिवसातून सहा तास थेट ऊन पडत नसेल तर बाकी सगळे सुधारूनही फुले थोडीच येतील. शेजारच्या इमारतीची सावली आपल्या हातात नाही, परंतु आपल्याच आवारातले एखादे सुबाभळीचे किंवा अशोकाचे झाड ऊन अडवत असेल तर त्याच्या फांद्या विरळ करता येतील.

आता छाटणी कधी करावी. पाने गळून झाड उघडे पडले, की जानेवारीत, डोळे फुगण्यापूर्वी, वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि बुंध्यातून निघालेल्या फांद्या काढाव्यात. बाकी आकार झाडाचा त्यालाच ठरवू द्यावा. नंतर जूनमध्ये पहिला बहर संपला, की सुकलेले तुरे बोंडे धरण्याआधी वीतभर फांदीसह कापावेत. असे केल्यास श्रावणाच्या आसपास पुष्कळदा दुसरा, लहानसा बहर येतो. बियांपासून केलेल्या रोपाला फुलावर यायला चार-पाच वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. आपले झाड आता वयात आलेले आहे. यंदा पाडव्याला ते तसेच राहू द्या.

प्रश्न : आमच्या ताम्हणाची पाने डिसेंबरपासून तांबडी-तपकिरी होऊ लागली आणि आता गळत आहेत. खोडाचीही साल पापुद्र्यासारखी सुटते. कोणते औषध मारावे?

उत्तर : कोणतेही नाही. थंडीत पाने तांब्याच्या रंगाची होऊन गळणे हा ताम्हणाचा वार्षिक क्रम आहे, आणि पातळ साल सुटून आतून गुळगुळीत, फिकट करडे खोड उघडे पडणे हेही निरोगी झाडाचे लक्षण आहे. पाने पावसाळ्यात किंवा भर उन्हाळ्यात पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तरच काळजी करावी. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह मुळांना मिळत नाही आणि असा पिवळेपणा येतो. अशा वेळी लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावे. आधी एका फांदीवर करून पाहावे आणि पाने करपली नाहीत तरच सगळ्या झाडावर करावे. मुळाशी शेणखताचे प्रमाण वाढवणे हा त्यावरचा टिकाऊ उपाय आहे.

प्रश्न : पाचगावच्या माळावर नवीन घर बांधले आहे. एक-दीड फुटाखाली मुरूम लागतो आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी घ्यावे लागते. दारात ताम्हण लावण्याची फार इच्छा आहे. लावावे का?

उत्तर : इच्छा चांगली आहे, परंतु टँकरच्या पाण्यावर ताम्हण वाढवू नये, असा माझा सल्ला आहे. ते पहिली दोन-तीन वर्षे जगेल, पण ज्या महिन्यांत त्याने फुलायचे त्याच महिन्यांत आपल्याकडे पाणी नसेल, आणि झाड खुरटून जाईल. आपल्या जागेला बहावा योग्य आहे. तोही एप्रिल-मेमध्ये फुलतो, पिवळ्या झुंबरांनी पानांशिवायही झाड भरते, आणि एकदा मुळे मुरमात शिरली की त्याला वरून पाण्याची फारशी गरज उरत नाही. वाढ मात्र संथ असते. सुरुवातीची तीन-चार वर्षे धीर धरावा लागेल.

कोणतेही झाड लावा, माळावर खड्ड्यातच सगळे आहे. तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा एप्रिलमध्ये काढून महिनाभर उन्हात तापू द्यावा. निघालेल्या मुरमाचा निम्मा भाग बाजूला टाकून त्याच्या जागी पोयटा माती आणि तीन-चार पाट्या शेणखत मिसळावे, तळाशी पालापाचोळ्याचा थर द्यावा. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस होऊन जमीन मुरली आणि वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली, की रोप लावावे. रोप घेताना पिशवीचा तळ पाहा. मुळे गोल गोल फिरून गुंडाळली गेली असतील तर ते रोप उंच असले तरी घेऊ नये. लावल्यानंतर आळ्यावर उसाचे पाचट चार-पाच इंच जाडीचे पसरावे. पाचटाची आपल्याकडे वाण नाही, आणि मुरमाड जमिनीत ओल टिकवण्यासाठी त्याच्याइतके सोपे साधन दुसरे नाही. खोडापासून सहा इंच जागा मोकळी ठेवावी आणि वाळवी लागू नये म्हणून खाली निंबोळी पेंड टाकावी.

प्रश्न : आमचे घर प्रयाग चिखलीत आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षांच्या महापुरात परसात पाणी उभे राहिले. आंब्याची आणि पपईची झाडे गेली. अशा जागी फुलांचे कोणते झाड टिकेल?

उत्तर : ताम्हण. नदी-ओढ्यांच्या काठी, ओल्या जमिनीत वाढण्याची या झाडाला सवयच आहे, आणि मोठे झालेले झाड काही दिवस बुंध्याशी पाणी उभे राहिले तरी सहसा दगावत नाही. बहाव्याला किंवा गुलमोहराला तुमच्या जागेत लावू नका. साचलेल्या पाण्यात त्यांची मुळे कुजतात.

पण पहिल्या दोन वर्षांतले कोवळे रोप पाण्याखाली पूर्ण गेले तर ते वाचेलच असे सांगता येणार नाही. त्यामुळे लागण जूनऐवजी पूर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरीस करावी आणि शक्यतो चार-पाच फूट उंचीचे रोप, दीड-दोन फूट उंचीच्या मातीच्या भरावावर लावावे. पहिल्या उन्हाळ्यात पाणी देणे अर्थातच तुमच्यावर राहील. पुढे कधी पूर आलाच, तर पाणी ओसरल्यावर खोडाभोवती साचलेला गाळ हाताने किंवा खुरप्याने मूळ जमिनीच्या पातळीपर्यंत काढावा. हा चिकट थर तसाच राहिला तर मुळांना हवा मिळत नाही, आणि पुरातून वाचलेली कितीतरी झाडे नंतरच्या महिन्यात याच कारणाने मरतात. झाड कललेले असेल तर ते सरळ करून तीन बाजूंनी बांबूचा आधार द्यावा. माती वाफशावर येईपर्यंत कोणतेही खत देऊ नये.

प्रश्न : राजारामपुरीत आमच्या घरापुढे दहा-बारा फुटांचीच जागा आहे आणि वरून विजेच्या तारा जातात. ताम्हण लावून ते दरवर्षी छाटून लहान ठेवता येईल का?

उत्तर : नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. मोकळ्या जागेतले ताम्हण सहज तीस फूट उंच होते. रानात तर ते त्याहून बरेच मोठे होते. भिंतीपासून पंधरा फूट आणि कुंपणापासून आठ-दहा फूट अंतर त्याला हवे. तारांखाली लावलेल्या झाडाचा शेंडा दरवर्षी कोणीतरी येऊन तोडतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे फुले शेंड्यालाच येत असल्याने त्या झाडाला फुलण्याची संधीच मिळत नाही. शिवाय शहरातल्या झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड स्वतःच्या आवारातले असले तरी पुढे ते अडचणीचे झाले म्हणून परवानगीशिवाय तोडता येत नाही. लावण्यापूर्वीच जागेचा विचार करणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

आपल्या जागेसाठी ताम्हणाचीच धाकटी बहीण उपलब्ध आहे. तिला चिनाई मेंदी म्हणतात. रोपवाटिकांत ती क्रेप मर्टल या नावाने मागावी. उंची आठ ते पंधरा फूट, फुले तशीच सुरकुतलेली पण लहान आणि गुलाबी, पांढऱ्या, जांभळ्या किंवा लालसर रंगांची, आणि बहर एप्रिल-मेपासून पावसाळ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने चालतो. गच्चीवर मोठ्या ड्रममध्येही ती फुलते. तिची छाटणी जानेवारीत पेन्सिलीच्या जाडीच्या फांद्यांपुरती करावी. बुंधे दरवर्षी एकाच उंचीवर तोडण्याची काही माळ्यांची पद्धत आहे, त्याने त्या जागी गाठी होतात आणि तेथून निघालेल्या काड्या फुलांच्या भाराने मोडतात. कोल्हापूरच्या दमट पावसाळ्यात तिच्यावर भुरी येते; पानांवर पांढरी पूड दिसू लागताच पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, उघडीप असताना फवारावे.

प्रश्न : वळवाच्या पावसाने आणि गारांनी ताम्हणाचे तुरे झोडपले गेले. यंदाचा बहर गेला असे समजावे का?

उत्तर : बहुधा नाही. उमललेल्या पाकळ्या नाजूक असतात, त्या जातातच. पण तुऱ्याच्या वरच्या भागातल्या मिटलेल्या कळ्या जाड वाटीत सुरक्षित असतात आणि आठवड्याभरात उघडतात. मोडून लोंबकळणारे तुरे तेवढे कापून टाकावेत, बाकीच्यांना हात लावू नये. वळवाचे पाणी एरवी या झाडाला हितकारकच आहे.

प्रश्न : ताम्हणाच्या वाळलेल्या बोंडांतून रोपे करता येतील का? आमच्या रंकाळ्याजवळच्या घरी जुने झाड आहे, त्याचीच रोपे मुलींच्या घरी लावायची आहेत.

उत्तर : जरूर करता येतील. थंडीत बोंडे तपकिरी होऊन टोकाकडून सहा फाकांनी उकलू लागतात. पूर्ण उकलली की पंख असलेले हलके बी वाऱ्याबरोबर उडून जाते. म्हणून चिरा दिसू लागल्या की बोंडे काढून कागदावर सावलीत वाळवावीत, ती तेथे आपोआप उघडतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये माती, वाळू आणि पानांचे कुजलेले खत समभाग घेऊन उथळ ट्रेमध्ये बी पसरावे आणि त्यावर जेमतेम झाकले जाईल एवढाच थर द्यावा. पाणी झारीने द्यावे. उगवण दोन ते चार आठवड्यांत होते, पण सगळे बी उगवत नाही, तेव्हा भरपूर टाकावे. चार पाने आल्यावर रोपे पिशव्यांत हलवावीत.

आपल्याला त्याच झाडाची रोपे हवी आहेत, आणि बियांपासूनच्या रोपांत फुलांचा रंग थोडाफार बदलू शकतो. त्यामुळे गुटी कलम अधिक चांगले. जून-जुलैमध्ये बोटाएवढ्या जाडीच्या फांदीची इंचभर साल गोल काढावी, त्यावर ओले शेवाळ गुंडाळून प्लास्टिकने दोन्ही बाजूंनी घट्ट बांधावे. पांढरी मुळे प्लास्टिकमधून दिसू लागली की खालून कापून कलम पिशवीत लावावे आणि पुढचा उन्हाळाभर सावलीच्या जागी सांभाळावे. एका झाडावर एकाच वेळी पाच-सहा गुट्या बांधाव्यात, कारण सगळ्या लागत नाहीत. अशी कलमे बियांच्या रोपांपेक्षा लवकर, बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांत, फुलावर येतात. पहिल्या वर्षी तुरा आलाच तर तो खुडून टाकावा, म्हणजे कलमाचा जोर मुळांकडे जाईल.